डोळे होते कुठं?

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या टीमचा एक अर्जंट कॉल झाला. (शनिवारचा अर्जंट कॉल म्हणजे काय, हे आयटीतल्या मंडळींना सांगायला नको. बाकीच्यांनी सुखी राहावं.) आम्ही काय बनवतो ते आधी सांगतो. शेतकऱ्यानं पिकाचा फोटो काढायचा, आणि त्यावर कोणती कीड आहे ते मोबाइलनं सांगायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, घराचे हप्ते चालू आहेत. तर क्लायंटकडून तक्रार आली होती की काही गावांत अ‍ॅप वापरूनसुद्धा कपाशीतली गुलाबी बोंडअळी वेळेत कळली नाही. कळली तेव्हा बोंडं आतून खाऊन झाली होती.

निकाल लागायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मॉडेल बरोबर आहे. फोटोत अळी असेल तर ते पकडतंच. लोक फोटोच भलत्या झाडाचे काढतात, त्याला आपण काय करणार? तिकिटावर शेरा पडला, 'युजर एरर'. तिकीट बंद.

मी म्यूटवर होतो आणि म्यूटवरच राहिलो. आठवडाभर ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहायला बसलोय. कारण हा शेरा मी आधी ऐकलेला आहे. तेव्हा तो मराठीत होता, आणि देणाऱ्यांमध्ये मी पण होतो.

२०१७ची दिवाळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत गावी गेलो होतो. आमचं गाव परतूर तालुक्यात, जालना जिल्ह्यात. मोठ्या काकांची चार एकर कपाशी, वरून बघितली तर हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. दिवाळीनंतर काकांनी ओसरीत बसून सहज एक हिरवं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी, आणि सरकी पोखरलेली. दुसरं फोडलं, तेच. तिसरं, चौथं... ओसरीत सालपटांचा ढीग झाला. ज्या बोंडांवर दिवाळीनंतरची सगळी गणितं बांधलेली, त्यात एका चुलतबहिणीच्या लग्नाचं पण गणित होतं.

काका काकूवर गरजले, "रोज तर रानातच असतीस ना? डोळे होते कुठं तुझे?"

आणि मी, भावी इंजिनिअर, मध्ये तोंड घातलं, "काकू, एवढं सगळं दिसलं कसं नाही तुला?"

काकू एवढंच म्हणाली, "ती काय बोंडावर बसून हाका मारती का रं बाबू."

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी नोकरीसाठी म्हणून मी माणसाची नजर शोधताना कशी हलते याबद्दल वाचायला लागलो. (आमच्याकडे कोणी वाचायला सांगितलं नव्हतं. फोटो पुरवणारी माणसं काय बघतात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.) तेव्हा कळलं की त्या दिवशी ओसरीत आम्हा दोघांपेक्षा काकूच जास्त शास्त्रीय बोलली होती.

आपल्याला वाटतं की डोळा म्हणजे टॉर्च, रानावरून फिरवला की सगळं उजळत जातं. तसं काहीच नसतं. हात लांब करून अंगठा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच, फार तर थोडा जास्त, भाग आपल्याला एका वेळी खरोखर स्वच्छ दिसतो. बाकी सगळं धूसर. ते धूसर मेंदू भरून काढतो आणि आपल्याला वाटतं आपण सगळं बघितलं. डोळा सरकत नाही, उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार उड्या. उडी चालू असताना जवळपास काही दिसत नाही. खोटं वाटत असेल तर आरशासमोर उभे राहा, आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. तुमचे डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला दिसतील.

आता जरा इंजिनिअरवाला हिशोब करू. चार फूट बाय दीड फूट लावण धरली तर एका एकरात सात हजारांवर झाडं येतात. एका झाडावर फक्त दहा वेळा नजर टेकवली, म्हणजे साधारण तीन सेकंद, तर एका एकराला सहा-सात तास. चार एकराला पंचवीस-सव्वीस तास नुसतं बघणं. यात चालणं नाही, पानं बाजूला करणं नाही, पाठ मोडणं नाही. आणि दहा नजरांत कपाशीचं एक वाढलेलं झाड बघून होतं असं म्हणणाऱ्याने एकदा रानात येऊन दाखवावं.

बरं, शोधायचं काय? लाल मिरच्यांच्या ढिगात एक हिरवी मिरची असेल तर शोधावी लागत नाही, ती उडी मारून डोळ्यात येते. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली हे नीट मांडलं. एकाच गुणात वेगळी असलेली वस्तू आपोआप दिसते, पण दोन-तीन गुण एकत्र जुळवून ओळखायची असेल तर नजरेला एकेक वस्तू तपासत जावं लागतं. गुलाबी बोंडअळीची वरून दिसणारी खूण म्हणजे डोमकळी. अळी फुलाच्या पाकळ्या आतून जाळ्यानं शिवून टाकते, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. आता कपाशीचं चांगलं फूल कसं असतं? पहिल्या दिवशी फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटायला लागतं. म्हणजे शेकडो मिटलेल्या गुलाबी फुलांत वेगळ्या तऱ्हेनं मिटलेलं एक फूल शोधायचं. आणि बोंडातली अळी तर दिसतच नाही. ती अगदी बारीक असताना आत शिरते आणि शिरलेलं भोक भरून येतं. बोंड बाहेरून ठणठणीत.

"रोज तर रानातच असतीस" हा काकांचा मुद्दा मला तेव्हा बिनतोड वाटला होता. तोही कच्चाच निघाला. आल्फ्रेड यार्बुस नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ होता. त्यानं इल्या रेपिनचं एक चित्र माणसांना दाखवलं. घरात अचानक परतलेला एक माणूस, त्याच्याकडे बघणारी घरची मंडळी. डोळ्यावर बारीकशी टोपी चिकटवून त्यानं नजरेचा रस्ता कागदावर उतरवला. चित्र तेच, बघणारा तोच, फक्त प्रश्न बदलला. या लोकांची वयं किती असतील? घरची परिस्थिती कशी आहे? कोणी कोणते कपडे घातलेत? प्रत्येक प्रश्नाला नजरेचा नकाशा वेगळाच. त्याचं पुस्तक १९६७ साली इंग्रजीत आलं. आजही त्यातले ते नकाशे बघताना गंमत वाटते. वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर, परिस्थिती विचारली की सामानावर.

काकू रोज रानात होती हे खरंच आहे. पण ती खुरपायला होती. तिला विचारलेला प्रश्न होता 'गवत कुठंय?'. मग वेचणीला होती, तेव्हा प्रश्न होता 'फुटलेलं बोंड कुठंय?'. तिच्या नजरेनं रोज इमानदारीनं त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. अळीचा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता, आणि उत्तर मात्र तिच्याकडून मागितलं गेलं.

तुम्ही म्हणाल, अडाणी बाईला जमत नसेल, तज्ज्ञाला जमेल. (असं आमच्या ऑफिसात खरंच म्हणतात, शब्द जरा पॉलिश असतात.) २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि कर्करोगाच्या गाठी शोधायला सांगितलं. त्यातल्या एका स्कॅनमध्ये त्यांनी एका गोरिलाचं चित्र घुसडलं होतं, गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसला नाही. त्याहून वाईट म्हणजे, न दिसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नजर थेट त्या गोरिलावर टेकून पुढे गेल्याची नोंद यंत्रात आहे. डोळा पोचला, पण दिसलं नाही. हे सगळे वर्षानुवर्षं स्कॅन वाचणारे डॉक्टर. त्यांना कोणी विचारेल का, डोळे होते कुठं?

पण २०१७ची खरी गोम मला सापडली ती दुसऱ्याच एका प्रयोगात. २००५ साली वुल्फ आणि सहकाऱ्यांनी लोकांना विमानतळावरच्या बॅगांच्या एक्स-रेसारखी चित्रं दाखवून त्यात अवजारं शोधायला लावली. निम्म्या चित्रांत अवजार होतं तेव्हा लोकांच्या नजरेतून ७ टक्के सुटली. दहातल्या एका चित्रात होतं तेव्हा १६ टक्के. शंभरात एका चित्रात होतं तेव्हा ३० टक्के. वस्तू तीच, माणसंही तशीच. फक्त ती क्वचित येते हे कळल्यावर नजर लवकर हार मानते. 'नाहीच' म्हणून पुढच्या चित्राकडे जाते. हा आळस नाही. शंभरदा 'नाही' हे उत्तर बरोबर आल्यावर मेंदूनं केलेली ती वाजवी बचत आहे.

आता हा आकडा घेऊन जालन्यात या. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली. २००२ साली देशात पहिल्यांदा मंजूर झालेलं बीटी कापसाचं बियाणं याच महिकोच्या संयुक्त कंपनीचं. दोन जनुकांचं सुधारित बियाणं २००६ साली आलं. बोंडअळीचा त्रास खरोखर कमी झाला, हे मान्य करायलाच पाहिजे. आमच्या घरी त्याआधी बोंडअळीसाठी किती फवारण्या व्हायच्या ते काका अजून बोटांवर मोजून सांगतात. पण त्याचा दुसरा अर्थ काय? दहा-पंधरा वर्षं हा सगळा जिल्हा कपाशीकडे बघत होता आणि अळी जवळपास कधीच दिसत नव्हती. वर पाकीट, दुकानदार, भिंतीवरची जाहिरात, सगळे सांगत होते की ती नाहीच. शंभरात एक सोडा, हजारात एक नव्हती. वुल्फच्या प्रयोगशाळेत माणसाची नजर काही तासांत सैल पडली. आमच्याकडे ती सैल पडायला पंधरा वर्षं दिली होती. गावातली जी पोरं त्या काळात मोठी झाली, माझ्यासकट, त्यांनी डोमकळी हा शब्दच ऐकलेला नव्हता.

मग अळीनं प्रतिकार कमावला आणि २०१७ साली महाराष्ट्रभर ती एकदम उसळली. कारणं बरीच सांगितली जातात, आणि ती आहेतही. बियाण्यासोबत मिळणारं बिगर-बीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट कोणी कडेनं लावलं नाही (आमच्याकडे ते गोठ्यातल्या कोनाड्यात पडलेलं मी पाहिलंय), फरदड ठेवली गेली, हंगाम लांबला. पण या यादीत एक कारण मला कधीच दिसत नाही, ते मी माझ्या जबाबदारीवर घालतो. 'ती नाही' असं सांगून लोकांची शोधणारी नजर आपण मोडून टाकली आणि मग नजर चुकली म्हणून त्यांनाच झापलं.

आणि हे नुसतं झापण्यावर थांबत नाही. कीड कुठं आहे ते सापडत नसलं की माणूस सगळीकडे फवारतो. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामागे औषधं, पंप, उंच वाढलेलं पीक असं बरंच काही होतं, सगळं एका गोष्टीवर ढकलणार नाही. पण 'नीट बघ' एवढंच सांगून माणसाला रानात सोडलं की शेवटी तो पंपच उचलतो, एवढं नक्की.

आता आमच्या अ‍ॅपकडे. आम्ही काय विकतो? 'फक्त एक फोटो काढा!' जाहिरातीत पण हेच वाक्य आहे, त्यात हसरा शेतकरी. अहो, पण कशाचा फोटो? सात हजार झाडांपैकी कोणत्या झाडाचा? ज्याला डोमकळी सापडली त्यालाच तिचा फोटो काढता येणार, आणि ज्याला ती सापडली त्याला ती ओळखायला बहुतेक वेळा आमची गरज नाही. शोधणं हे काम अवघड, ओळखणं हे त्यामानानं सोपं. आम्ही सोपं काम मशीनकडे दिलं, अवघड काम काकूकडे ठेवलं, आणि श्रेय आमच्या नावावर लावलं. दोष तेवढा काकूचा.

आमच्या अचूकतेच्या टक्केवारीचीही तीच गत. मॉडेल शिकवायला जे फोटो वापरले त्यात जवळपास निम्म्यांत कीड आहे. रानात चालताना निम्म्या झाडांवर कीड दिसली तर तो शेतकरी अ‍ॅप उघडणार नाही, डोक्याला हात लावून बांधावर बसेल.

आता एक कबुली. मध्ये माणसं कमी होती म्हणून मला आठवडाभर फोटोंवर चौकटी काढायला बसवलं. कीड दिसली की भोवती चौकट, नसेल तर 'रिकामा' म्हणून पुढे. एसीत, मोठ्या स्क्रीनवर, हातात कॉफी. तिसऱ्या दिवशी रिकाम्या फोटोंची लांबलचक रांग लागली, आणि त्यात मी अळी असलेले फोटो 'रिकामा' म्हणून सोडून दिले. मला काही कळलंही नाही. शेजारच्या पोरीने दुसऱ्या तपासणीत पकडले. मला कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे त्याला 'दोन तपासनिसांमधला फरक' असं छान नाव आहे. त्यासाठीच तर दुसरा तपासनीस ठेवलेला असतो. म्हणजे माणसाची नजर सुटणार हे आम्हाला पक्कं माहीत आहे, त्याची सोय आम्ही स्वतःसाठी करून ठेवली आहे, बजेटसकट. परतूरच्या रानात तीच नजर सुटली की 'युजर एरर'!

आणि नजरेचं शास्त्र आमच्या धंद्याला ठाऊक नाही असंही नाही. जेकब निल्सनने २००६ साली दाखवून दिलं की लोक वेबपान इंग्रजी एफ अक्षराच्या आकारात चाळतात. तेव्हापासून 'खरेदी करा'चं बटण कुठं ठेवायचं यावर किती डोकी आणि किती पैसा खर्च झालाय ते आपण सगळेच जाणतो. गिऱ्हाइकाची नजर बटणावर आणायची असेल तर नजर अभ्यासायची. काकूची नजर डोमकळीवर न्यायची असेल तर काकूला म्हणायचं, नीट बघ.

गंमत म्हणजे यावरचा उपाय कृषी विभागाच्या पत्रकात छापलेला आहे, आणि तो आमच्या अ‍ॅपपेक्षा हुशार आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस झालं की उपाय सुरू करा. फुलं आणि हिरवी बोंडं तपासा, दहा टक्क्यांत अळी सापडली की फवारणीची वेळ झाली. वीस हिरवी बोंडं तोडून फोडून बघा. यात 'नीट' हा शब्द कुठेच नाही, हे लक्षात आलं का? किती, कुठं, किती दिवस आणि कितीला थांबायचं, एवढंच आहे. सापळा तर कमालच. रात्री उडणारा, लपणारा पतंग तो एका पिशवीत गोळा करून ठेवतो. सात हजार झाडांवरचा शोध एका पिशवीवर आला. क्वचित दिसणारी वस्तू रोज दिसणारी झाली. वुल्फने सांगितलेला रोग आणि त्यावरचं औषध दोन्ही त्या पाच सापळ्यांत आहे.

अर्थात पत्रक छापलं म्हणजे पोचलं असं नाही. वीस बोंडं फोडा म्हणणं सोपं आहे, स्वतःच्या हातानं स्वतःचा कापूस फोडायला जीव होत नाही. काका त्या दिवसापर्यंत कधी फोडत नव्हते ते यामुळेच. पण हे सांगायला, आठवण द्यायला, मोजायला मोबाइल उत्तम आहे की! चालायच्या ओळी ठरवून दे. दर किती पावलांवर थांबायचं ते सांग. वीसपैकी किती बोंडं झाली ते मोज. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांना मध्येच खोट्या हत्याराचं चित्र दाखवून त्यांची नजर जागी ठेवतात, तसं आठवड्यातून एकदा डोमकळी आणि साधं फूल शेजारी-शेजारी दाखवून विचार, ओळखा कोणतं. आणि तीनच झाडं बघून झाली असतील तर 'कीड नाही' असं हिरव्या अक्षरांत लिहू नकोस, 'अजून बघून झालं नाही' असं लिही. यातल्या कशालाच नवं मॉडेल लागत नाही. त्यामुळे त्याचं प्रेझेंटेशन होत नाही, हीच अडचण आहे.

काल रात्री काकूला फोन केला होता. आता काय करतेस म्हणून विचारलं. म्हणाली, पाच-सहा वर्षं झाली, सापळ्यातले पतंग तीच मोजते आणि कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी. जाऊ म्हणून दुसरी बाई बांधाच्या त्या टोकानं येते आणि ही या टोकानं, दोघी डोमकळ्या तोडून ओट्यात घेतात आणि शेवटी कोणाच्या किती ते मोजतात. दोन तपासनीस! कोणी शिकवलं, तर म्हणे, "शिकवायचं काय त्यात. एकटीला दिसत न्हाई सगळं."

२०१७च्या ओसरीतलं माझं वाक्य तिच्या लक्षात आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडून ते तिकीट परत उघडलं. 'युजर एरर' खोडून 'डिझाइन एरर' लिहिलं, खाली वरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत टाकल्या, काकूच्या कॅलेंडरचा फोटोही जोडला. सकाळी मॅनेजरसाहेबांचा दोन शब्दांचा मेसेज आला, सोमवारी बोलू. या वेळी म्यूटवर बसणार नाहीये. बघू काय होतं ते.